विषम असेल तर काय?

आमच्या गणित विभागात व्याख्यानाच्या आधी प्रश्न वाटले जायचे. आम्ही विद्यार्थी त्याला 'आहेर' म्हणायचो. लग्नात आज तुमच्या घरी नेलेली साडी उद्या आमच्या घरच्या लग्नात परत येते, तसाच हा मामला होता. तुझ्या व्याख्यानानंतर तू दिलेला प्रश्न मी विचारायचा, माझ्या व्याख्यानानंतर मी दिलेला प्रश्न तू विचारायचास. उत्तर अर्थातच आधीपासून तयार असायचं, बहुतेक वेळा स्लाइडसकट.

याची गरज का पडली हे त्या खोलीत बसल्याशिवाय कळायचं नाही. बारामतीतलं आमचं संशोधन केंद्र विद्यापीठाशी जोडलेलं होतं आणि महिन्यातून एकदा कुणीतरी आपल्या कामावर बोलायचं असा नियम होता. बोलून झालं की विभागप्रमुख उठून इंग्रजीत विचारायचे, कुणाला काही प्रश्न? मग जी शांतता पसरायची तिच्यात पंख्याची कुरकुर स्पष्ट ऐकू यायची. निम्म्या लोकांना काही कळलेलं नसायचं, आणि ज्यांना कळलेलं असायचं ते शहाणे असल्यामुळे गप्प बसायचे. कुणीच काही विचारलं नाही तर मार्गदर्शकांचा अपमान व्हायचा. कुणी खरोखरच काही विचारलं तर त्याहून मोठा. आहेर हा त्यावरचा तोडगा होता. तो कुणी काढला मला ठाऊक नाही, पण काढणारा माणूस व्यवहारी असणार, गणिती नसणार.

मी शेळगावची. संशोधनासाठी नाव नोंदवलं तेव्हा धाकट्या भावाचं लग्न ठरत होतं, आणि मी सांगते आहे त्या फेब्रुवारीत त्याची मुलगी दप्तर घेऊन शाळेत जायला लागली होती. मुदत दोनदा वाढवून घेतली होती. ती मेअखेर संपत होती आणि आता आणखी वाढणार नव्हती. त्याआधी प्रबंध जमा करायचा, आणि तो जमा करण्याआधी एक जाहीर व्याख्यान द्यायचं. त्याला बाहेरचे परीक्षक येतात. त्यांनी मान हलवली तर पुढचा रस्ता मोकळा, नाहीतर इतक्या वर्षांचं काम पाण्यात. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्यानं बोलावतील का, याची वाट बघत होते. त्या पदवीशिवाय ती वाट बघणं संपणार नव्हतं.

माझा विषय म्हणजे आलेखांचं रंगकाम. ऐकायला बालवाडीतला वाटतो. आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, मी तो कालव्याच्या पाळीवरून समजावून सांगितला होता. काही ठिपके घ्यायचे, त्यातले काही रेघांनी जोडायचे. जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग द्यायचा नाही आणि कमीत कमी रंगांत सगळं भागवायचं. ठिपका म्हणजे शेत, रेघ म्हणजे दोघांना पाणी आणणारी एकच चारी, आणि रंग म्हणजे पाण्याचा वार. एका चारीवरच्या दोघांना एकाच वारी पाणी देता येत नाही. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी भांडणं होऊ न्हाईत म्हणून हाय व्हय हे गणित," ते म्हणाले. "मग संपव की लवकर."

संपत आलं होतंच. प्रबंधाचा जीव चौथ्या प्रकरणात होता. ठिपक्यांची एक गोल कडी, अशा अनेक कड्या एकमेकींना जोडून केलेली माळ, आणि माळेचं शेवटचं टोक पुन्हा पहिल्या कडीला जोडलेलं. कड्या कितीही असोत, चार रंग पुरतात, असं माझं प्रमेय होतं. कड्यांची संख्या, म्हणजे एन, सम असेल तर काहीच अवघड नव्हतं. एक कडी सुलट रंगवायची, पुढची उलट, पुन्हा सुलट, पुन्हा उलट. संख्या सम असल्यामुळे शेवटची कडी उलट येते आणि पहिल्या सुलट कडीशी तिचं नीट जुळतं. संख्या विषम असली की शेवटचीही सुलटच येते आणि पहिलीशी तिची टक्कर होते. तिथं मी लिहिलं होतं की जोडाच्या जागी छोटासा बदल करावा, बाकीची सिद्धता वरीलप्रमाणेच.

हा 'वरीलप्रमाणेच' गणितात फार चालतो. मी पाच कड्यांची एक आकृती काढून तो छोटासा बदल करून पाहिला होता आणि तो जमला होता. शिवाय सरांनी त्या पानावर काही लिहिलं नव्हतं. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. मूळचे कन्हेरीचे, घरची उसाची शेती, पण विभागाचा उंबरा ओलांडला की इंग्रजी, नाहीतर अगदी पुस्तकी मराठी. वाचायला दिलेलं पान त्यांच्याकडून लाल शाईनं रंगूनच परत यायचं. चुकलेला स्वल्पविरामसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. त्यामुळे ज्या पानावर लाल रेघ नाही ते पान पक्कं, असं मी धरून चालले होते.

आमच्या वस्तीत विहाराला लागून अभ्यासिका आहे. तिथल्या फळ्यासमोर मी आठवडाभर सराव केला. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुली माझ्या इंग्रजीला इतक्या कंटाळल्या की शेवटी त्यांनी पुस्तकं उचलली आणि बाहेर चिंचेखाली जाऊन बसल्या. मला पाठ झालं होतं. कुठं थांबायचं, कुठं पाणी प्यायचं, कुठं जरा हसायचं, तेही.

व्याख्यानाच्या सकाळी शेळगावला एसटीत बसले. अंथुर्ण्याला माझी मैत्रीण चढली, तिची जागा मी पिशवी ठेवून धरली होती. तीही आमच्याच केंद्रात संशोधन करायची, माझ्या एक वर्ष मागे, त्याच सरांकडे. माझ्यानंतरचं व्याख्यान तिचं होतं, म्हणजे आहेर फिटायला वेळ लागणार नव्हता. गाळपाचे दिवस, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि आमची गाडी त्यांच्या मागे रांगत चाललेली. मी सारखी घड्याळ बघत होते. मी तिला तिचा प्रश्न सांगितला. कड्यांची संख्या सम असेल तर काय होतं ते उदाहरण घेऊन दाखवा, एवढंच तिनं विचारायचं होतं. त्याच्यासाठी मी रंगीत स्लाइड करून ठेवल्या होत्या, एकामागून एक कड्या रंगत जाणाऱ्या. बघणाऱ्याचं मन प्रसन्न व्हावं अशा.

"सम असंल तर काय. एवढंच ना?" ती म्हणाली. "इंग्रजीतनं इचारू का मराठीतनं?"

परीक्षक बाहेरचे आहेत, इंग्रजीतूनच विचार, असं मी सांगितलं. मग बारामती येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते.

परीक्षक पुण्याहून आले होते. किरकोळ अंगाचे, बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले. त्यांनी पहिल्या रांगेत बसून वही उघडली, पेन काढलं, पण पेनाचं टोपण काही काढलं नाही. मी बोलायला लागले. पहिलं प्रकरण झालं, दुसरं झालं, टोपण तसंच. एखादा माणूस भराभर लिहून घेतो तेव्हा भीती वाटते, पण तो काहीच लिहीत नाही तेव्हा जास्त वाटते हे मला त्या दिवशी कळलं. सर त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून बसले होते. चौथ्या प्रकरणात सम संख्येची सिद्धता मी सावकाश सांगितली. मग विषमची स्लाइड आली. त्यावर एकच ओळ होती. मी ती वाचली, 'सिमिलरली' म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली.

टाळ्या झाल्या. विभागप्रमुखांनी नेहमीसारखं विचारलं. मागच्या रांगेतून मैत्रिणीचा हात वर गेला आणि ती उभी राहिली.

"मॅडम, व्हॉट हॅपन्स व्हेन एन इज ऑड?"

माझं बोट सवयीनं बटणावर पडलं होतं. पडद्यावर सुंदर रंगीत माळ उमटली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत शीर्षक, 'ईव्हन'. मी मैत्रिणीकडे बघितलं. आपलं काम चोख झाल्याच्या समाधानात ती खाली बसली होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. तिनं काय विचारलंय हे तिला ठाऊकच नव्हतं.

पहिल्या रांगेत परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

"मलाही तेच विचारायचं होतं," ते मराठीत म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "तो छोटा बदल फळ्यावर करून दाखवता का? तीन कड्या घ्या. लहान उदाहरणात लवकर दिसतं."

मी रंगीत खडू उचलले. खरं सांगते, तेव्हाही मला भीती वाटत होती ती फक्त तयारी नसल्याची. उत्तर आहेच, नुसतं काढायचं आहे, अशी माझी समजूत होती. मी तीन कड्या काढल्या, रेघा जोडल्या, पहिली सुलट रंगवली, दुसरी उलट, तिसरी सुलट. तिसरी आणि पहिली जिथं भेटतात तिथं दोन लाल ठिपके समोरासमोर आले. आता बदल. मी एक लाल पुसून पिवळा केला. त्याच्या शेजारचा पिवळाच होता. म्हणून तो निळा केला, तर त्याच्या पलीकडचा निळा. मग तो पलीकडचा हिरवा केला. एसटीच्या बाकावर एकाला सरकायला सांगितलं की त्याच्यापुढचा सरकतो, मग त्याच्यापुढचा, आणि शेवटी पहिलाच माणूस उभा राहतो, तसं झालं. बदल पूर्ण फिरून आला आणि मी जिथून निघाले होते त्याच ठिपक्यापाशी पुन्हा दोन सारखे रंग.

मी दुसऱ्या ठिपक्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच.  पाच कड्यांत जमलं होतं ते का, हेही मला त्याच मिनिटाला फळ्यासमोर उभं असताना कळलं. त्या आकृतीतल्या कड्या मी हौसेनं लांबलचक, भरपूर ठिपक्यांच्या काढल्या होत्या, त्यामुळे सरकायला जागा राहिली होती. ते नशिबानं जमलं होतं. माझी सिद्धता फळ्यावर नव्हती आणि प्रबंधातही नव्हती.

माझी पाठ सगळ्यांकडे होती. चूक त्या क्षणी फक्त मला दिसत होती, असं मला वाटलं. मागे कुणीतरी खोकलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मैत्रिणीचा आवाज, घाईचा, मराठीतला.

"सर, सॉरी. माझी गल्लत झाली. मला सम म्हणायचं व्हतं. ऑड न्हाय, ईव्हन."

खोलीत हशा पिकला. त्या हशात सुटका होती, सगळ्यांचीच. विभागप्रमुख म्हणाले की अहो, मग उत्तर पडद्यावर आहेच, मॅडमना बिचाऱ्यांना उगाच फळ्यावर पाठवलंत. सरांनी झटकन इंग्रजीत सांगितलं, हो हो, ईव्हन केस, प्लीज कंटिन्यू. चहा आलाय म्हणून शिपाई दारातून खूण करत होता. परीक्षकही हसले आणि त्यांनी पेन वहीवर आडवं ठेवलं.

"बरं, सम सांगा," ते म्हणाले.

माझ्या हातात डस्टर होतं. दोन हात मारले असते की फळा स्वच्छ. पडद्यावर माळ तयार होती, तोंडात वाक्यं तयार होती. मी खोटंही बोलणार नव्हते, कारण आता मला कुणी काही विचारतच नव्हतं. मे महिना, कायमची नोकरी, घरी वाट बघणारे आबा, सगळं त्या डस्टरच्या एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला तीन वेड्यावाकड्या कड्या.

मला प्रामाणिकपणाचा उमाळा आला असं कुणी समजू नये. मला राग आला होता. आधी मैत्रिणीचा आला, तिनं विचारलं म्हणून. मग तिचाच पुन्हा आला, तिनं प्रश्न परत घेतला म्हणून. हसणाऱ्यांचा आला. आणि सगळ्यात जास्त त्या दोन लाल ठिपक्यांचा आला, जे माझ्या नाकासमोर शांतपणे बसले होते. माझा स्वभाव पहिल्यापासून असा वाईट आहे की गुंता दिसला की मला तो तसाच टाकून जेवायला बसता येत नाही. आई त्यावरून फार बोलायची.

मी डस्टर खाली ठेवलं.

"सर, विषमचंच राहू द्या," मी परीक्षकांना म्हणाले. "हे इथं अडतंय."

हसू थांबलं. परीक्षक उठून फळ्यापाशी आले. त्यांनी माझ्या हातातून पिवळा खडू घेतला, एक ठिपका बदलला, मग दुसरा, मग तिसरा.  दारातला शिपाई आत डोकावला आणि परत गेला. मी सरांकडे बघायचं टाळत होते, तरी एकदा नजर गेलीच. ते फळ्याकडे बघतच नव्हते, आपल्या हातांकडे बघत होते.

"तुमच्या प्रबंधातलं पाच कड्यांचं उदाहरण?" परीक्षकांनी विचारलं.

त्यातल्या कड्या लांब होत्या म्हणून जमलं, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, खडू ठेवला, हात झटकले आणि विभागप्रमुखांना म्हणाले की आता चहा घेऊ.

परीक्षक, सर आणि विभागप्रमुख असे तिघं प्रमुखांच्या खोलीत गेले आणि दार लागलं. मी व्हरांड्यात उभी राहिले. चहाचा कप हातात तसाच थंड होत होता. मैत्रीण आली, रडून डोळे लाल झालेली. मी तिच्यावर तोंड सोडलं. एक शब्द, अगं एक शब्द होता, सकाळपासून घोकत होतीस, असं बरंच काही बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आमची धाव्वीपतुर मराठी शाळा," ती मग म्हणाली. "अकरावीला इंग्रजी आलं तवा मी असं ध्यानात ठिवलं व्हतं, ईव्हनमधी व हाय, विषममधी बी व हाय, म्हंजी ईव्हन तेच विषम. सम म्हंजी मग ऑड. लई दिवसांनी सुधारलं मी ते. पर घाबरले की पयलं तेच येतं तोंडात. तू मराठीत सांगितलंस, म्या मनातल्या मनात इंग्रजी केलं, आन् तितंच घोळ झाला."

मी मराठीतच विचार म्हटलं असतं तर हा घोळ झाला नसता. इतक्या रागातही मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यात पाणीही. तिनं माझ्या हातातला कप घेऊन कठड्यावर ठेवला.

"पर मी उठले व्हते की परत," ती म्हणाली. "मग तू का न्हाय गप बसलीस?"

 तेवढ्यात प्रमुखांच्या खोलीचं दार उघडलं. परीक्षकांनी उभ्या उभ्याच मला सांगितलं की विषमचा दावा एकतर सिद्ध करा नाहीतर काढून टाका, आणि एप्रिल संपायच्या आत पुन्हा व्याख्यान द्या. अर्ध्या प्रमेयावर पदवी मिळेल का, ते तेव्हा बघू. त्यांच्या बोलण्यात ना रागाचा सूर होता ना कौतुकाचा. ते जिना उतरून गेले आणि सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं.

सर बसले नाहीत. खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि इंग्रजीत सुरू झाले. काय गरज होती? तिनं प्रश्न मागे घेतला, मी विषय बदलला, खुद्द परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. तिघांनी तुला दार उघडून दिलं आणि तू भिंतीवर जाऊन आदळलीस. बाहेरच्या माणसासमोर विभागाची शोभा झाली.  मग ते वळले, जरा निवळले, मराठीवर आले आणि म्हणाले की आता त्यावर डोकं फोडत बसायला वेळ नाही, विषम काढून टाक, सम ठेव, एप्रिलमध्ये उरकून घेऊ.

त्यांचं बोलणं बरोबर होतं. पण त्यांचे ते हातांकडे बघत बसलेले डोळे माझ्या मनातून जात नव्हते. अडल्याचं सांगितल्यावर सगळी खोली चमकून फळ्याकडे बघत होती, आणि ज्यांनी सगळ्यात आधी बघायला हवं होतं ते बघत नव्हते.

"सर, ते पान तुम्ही वाचलं होतं ना?" मी विचारलं.

"वाचलं होतं."

"मग त्यावर लाल रेघ का नव्हती?"

सर खुर्चीत बसले. टेबलावरचे कागद त्यांनी एकदा सारखे केले, पुन्हा सारखे केले. बाहेर मुलं सायकली काढत होती, त्यांचे आवाज येत होते. पुढं जे बोलले ते मी त्या माणसाच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, शब्दही नाहीत आणि ती बोलीही नाही.

"मला येत न्हाय गं ते," सर म्हणाले. "अडतंय हे पयल्यांदा वाचलं तवाच दिसलं व्हतं. घरी लई दिवस घेऊन बसलो. न्हाय आलं. म्हणलं, कोण इचारतंय."

मला फार राग आला. ते कोरं पान मी आधारासारखं धरून ठेवलं होतं. त्या पानाच्या जोरावर मी आबांना सांगितलं होतं की काम झालंय. आणि त्याच वेळी, त्या रागाच्या अगदी शेजारी, मला त्या माणसाची दया आली. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे स्वल्पविराम सुधारायचे, आणि स्वतःला न सुटलेली एक गोष्ट विद्यार्थिनीपासून लपवून कन्हेरीच्या घरी एकट्यानं घेऊन बसायची.

"मला सांगायचं की सर," मी म्हणाले. "दोघं बसलो असतो."

त्यांनी मान हलवली.  मग मी सांगितलं की विषम काढते, पण नुसतं काढणार नाही, तिथं काय अडलंय ते लिहिणार. सर म्हणाले की प्रबंधात असं लिहीत नाहीत, प्रबंधात जे आलं ते लिहितात. माझाही आवाज मग त्यांच्यासारखाच गावाकडचा झाला. मी म्हणाले, मग जे आलं न्हाय ते कुठं लिव्हायचं सर?

सरांनी माझी प्रत पुढं ओढली, चौथं प्रकरण काढलं आणि लाल पेन हातात घेतलं. 'वरीलप्रमाणेच'च्या ओळीवर सरळ एक रेघ मारली. समासात काहीतरी लिहिलं आणि प्रत माझ्याकडे फिरवली. अक्षर नेहमीसारखं टपोरं होतं. इंग्रजीत लिहिलं होतं, एन ऑड असेल तर काय होतं ते, 'वी डू नॉट नो'.

एप्रिलमध्ये मी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं. परीक्षकांनी ते वहीत उतरवून घेतलं, आणि प्रबंध त्या वाक्यासकट मे महिन्यात जमा झाला.

आमच्या गणितात एकटा माणूसही लिहिताना 'वी' असंच लिहितो, तशी पद्धतच आहे. प्रबंधभर मीही तेच लिहिलंय, आम्ही मानतो, आम्ही दाखवतो, आम्ही सिद्ध करतो, आणि त्या प्रत्येक ठिकाणी शेळगावच्या घरात टेबलाशी मी एकटी बसलेली आहे. ते एक वाक्य तेवढं खरोखर दोघांचं होतं.